आईचा वाटा आणि वकीलबाईंचा शेवटचा भाग

वकीलबाईंची मालिका संपली तेव्हा मी मांडवगण फराट्यात मामांच्या घरी टीव्हीसमोर चटईवर बसले होते आणि रडत होते. हे मी पहिल्यांदाच लिहून कबूल करते आहे. त्याआधी दोन वर्षं मी त्या मालिकेविरुद्ध भेटेल त्याच्याशी भांडत होते आणि एकदा तर तिच्याविरुद्ध पत्रकही काढलं होतं.

आमच्या घरात पत्रक काढणं ही काही मोठी गोष्ट नाही. पप्पा दौंडला रेल्वेत होते. ड्युटी संपली की ते पत्रकं लिहायचे. पाण्याच्या टाकीसाठी पत्रक, विहारातल्या वाचनालयाला पुस्तकं द्या म्हणून पत्रक, पुस्तकं आली पण कुणी वाचत नाही म्हणून दुसरं पत्रक. एकदा आईनं सलग चार दिवस वांगी केली, तेव्हा त्यांनी फ्रिजवर एक हस्तलिखित निवेदन चिकटवलं. खाली सही, ‘आपला नम्र, एक पीडित’. आईनं त्याच्याखाली ‘अर्ज फेटाळला’ असं लिहिलं आणि पाचव्या दिवशीही वांगीच केली. उरलेल्या पत्रकांची गुलाबी-पिवळी कव्हरं माझ्या शाळेच्या पुस्तकांना असायची. भूगोलावर ‘जागे व्हा!’ आणि गणितावर ‘हा अन्याय किती दिवस सहन करणार?’ गणिताच्या बाबतीत मला ते अगदी पटायचं.

अशा घरात वाढलेल्या मुलीला मालिका आवडून चालत नाही. म्हणून मी ‘मालिका पाहणाऱ्या भगिनींना अनावृत पत्र’ लिहिलं, अकरा मुद्द्यांचं, आणि दौंडला बचत गटाच्या बैठकीत स्वतः वाटलं. एका मावशींनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, “छान लिहिलंयस गं. पण म्हंजी तू रोज बघतीस व्हय? नाहीतर इतकं बारीक कसं कळलं?”

मी म्हणाले, “अभ्यास म्हणून बघते.”

“आम्ही बी अभ्यासच करतो,” त्या म्हणाल्या, “साडेआठ ते नऊ.”

मालिका अशी होती. नायिका वकील. आम्ही सगळे तिला वकीलबाईच म्हणायचो. ती काळा कोट घालून कोर्टात जायची, काळा कोट घालून पोळ्या लाटायची आणि एकदा ताप आला तेव्हा काळा कोट घालूनच झोपली होती. तिचे वडील वारले आणि भावानं सगळी मालमत्ता बळकावली. जमीन, घर, कारखाना, सगळं. बाईनं स्वतःची केस स्वतः लढवायला घेतली आणि ती चार वर्षं चालली. खऱ्या कोर्टात चार वर्षांत काय होतं ते मला माहीत आहे, पण तिच्या कोर्टात सोमवार ते शनिवार रोज तारीख पडायची. न्यायाधीश हातोडा आपटायचे. तो आपटला की पप्पा रोज न चुकता म्हणायचे, “आपल्याकडच्या कोर्टात हातोडा नसतो. हातोडा सुताराकडं असतो.”

“तुम्ही गप बसा,” आई म्हणायची. “त्यो हाय म्हणून तरी माणसं गप बसत्यात.”

मी पलंगावर पाठ करून पुस्तक वाचायचे. म्हणजे पुस्तक हातात धरायचे. पुस्तकाचं पान साडेआठला जे असायचं तेच नऊला असायचं, हे आईनं बरेच दिवस लक्षात येऊनही बोलून दाखवलं नाही. तिचे उपकार आहेत.

आता खरी गोष्ट. आबा, म्हणजे आईचे वडील, मांडवगणला वारले. त्यांच्यामागं साडेतीन एकर जमीन राहिली आणि दोन लेकरं, माझी आई आणि तिच्या पाठचे मामा. जमीन भीमेच्या अंगाला उतरत जाते. मामा ती शाळा सोडल्यापासून कसतात. आई लग्न होऊन दौंडला आली त्याला तीस वर्षं झाली.

आमच्याकडं बाप गेला की बहीण भावाला हक्कसोड देते. म्हणजे रजिस्टर कचेरीत जायचं आणि ‘मला या मिळकतीत काही नको’ असं लिहिलेल्या कागदावर स्वखुशीनं सही करायची. ‘स्वखुशीने’ हा शब्द कागदावर आधीच टाईप केलेला असतो, त्यामुळे खुशी आहे का असं विचारायची गरज पडत नाही. भाऊ बहिणीला साडीचोळी घेतो. ती साडी नेसून बहीण सहीला येते. शिरूरच्या कचेरीबाहेर कुठल्याही दिवशी उभं राहा, कुठली बाई हक्कसोडला आली आहे ते लांबून ओळखू येतं. तिच्या नव्या साडीच्या घड्या अजून मोडलेल्या नसतात.

आबांच्या वर्षाच्या कार्यक्रमाला आम्ही मांडवगणला गेलो होतो. वंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. मामांनी सुपारी कातरत विषय काढला.

“आक्का, ते कागदाचं उरकून टाकू म्हणतो. तलाठी बी सारखं विचारतुया. एकदा हक्कसोड झालं म्हंजी नुसतं माझंच नाव लावायचं, सोपं पडतं.”

आई काही बोलायच्या आत मी उभी राहिले. का उभी राहिले कोण जाणे, आम्ही सगळे जमिनीवर बसलो होतो. मी समान वाट्यावर बोलले. कायद्यानं लेकीला लेकाइतकाच हक्क दिलेला आहे हे सांगितलं. साडीचोळीच्या राजकारणावर बोलले. ‘माहेर’ या शब्दाचा वापर करून बायकांना कसं गप्प बसवलं जातं यावर बोलले. मामांनी तोवर दोन सुपाऱ्या कातरल्या.

“झालं का पत्रक?” ते म्हणाले. मामा मला लहानपणापासून ‘पत्रक’च म्हणतात. “आता बस. खाली बसून बी बोलता येतं.”

“मामा, तुम्ही विषय टाळताय.”

“मी कुठं टाळतुया? दाजी, तुम्हीच सांगा. तुम्ही तर ह्यावर छापलंवतं की. ‘लेकीचा वाटा लेकीला’, पिवळ्या कागदावर. माझ्याकडं हाय अजून, बियाण्याच्या डब्यात घातलाय. पर मला येक सांगा, तुमच्या बहिणीनं कुठं घेतला वाटा?”

पप्पांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

“ते पत्रकाच्या आधीचं आहे,” पप्पा म्हणाले.

“मग पत्रकानंतर द्यायचा की माघारी!”

स्वयंपाकघरातून मामी हसल्याचा आवाज आला. माझ्यावर काय वेळ आली ते सांगता येत नाही. ज्या माणसाच्या पत्रकांवर मी अक्षरं शिकले, त्यांचीच सही एका हक्कसोडावर ‘लिहून घेणार’ म्हणून होती आणि मला ते माहीत नव्हतं. (पप्पांनी पुढं आत्याला फोन केला. तो फोन करायला त्यांना अकरा दिवस लागले. आत्या म्हणाली, “आता काय करू मी वाट्याचं, पण विचारलंस, बरं वाटलं.” आणि पाच मिनिटांनी तिचाच उलटा फोन आला, “काय कागद असतील ते पाठव बरं.” ते काम अजून चालू आहे.)

आई मात्र हे सगळं ऐकून घेत निवांत बसली होती. मग म्हणाली, “मी न्हाई म्हणत न्हाई. व्हय बी म्हणत न्हाई. तिचा निकाल लागूदे, मग बघू.”

“कुणाचा निकाल?” मामांनी विचारलं.

“वकीलबाईचा. तिचं बी हेच चाललंय की. भाऊच हाय तिचा बी. ती शिकल्याली हाय, कोर्टात उभी ऱ्हाती. तिला जे बरोबर वाटंल ते काय तरी असंलच.”

मी म्हणाले, “आई, ती खोटी आहे! तिला कुणीतरी संवाद लिहून देतं!”

“तुला बी तुझ्या पप्पांनीच लिहून दिलंय सगळं,” आई म्हणाली.

मामांनी अडकित्ता खाली ठेवला आणि थोडा विचार केला. मामा हुशार माणूस. “चालंल,” ते म्हणाले. “आपलं ठरलं आक्का. जे तिचं व्हईल ते आपलं. ती जे करंल ते तू करायचं. मग माघारी फिरायचं न्हाई. मी बी न्हाई, तू बी न्हाई.”

“ठरलं,” आई म्हणाली.

अशा रीतीनं, शेकडो बायका ज्यासाठी झगडल्या तो हक्क आमच्या घरात एका मालिकेच्या लेखकाच्या ताब्यात गेला. मी त्या दिवशी घरी येऊन पत्रक लिहायला घेतलं आणि ‘भगिनींनो’च्या पुढं मला काही सुचलंच नाही.

मामांनी का हो म्हटलं ते मामींनी मला नंतर सांगितलं. मामांचं म्हणणं असं की मालिकावाले कुटुंब मोडत नाहीत. शेवटी सगळ्यांना एका फोटोत उभं करतात. “आपलं काम झालं म्हणून समज,” असं ते त्याच संध्याकाळी मामींना म्हणाले होते. पण खात्री असावी म्हणून त्यांनीही मालिका बघायला सुरुवात केली.

आणि मग रोज नऊ वाजून दोन मिनिटांनी आमच्या घरी फोन वाजायला लागला.

“आक्का, बघितलं का? ती भावजय लबाड हाय. पेनड्राइव्ह तिनंच लपवलाय.”

“मी कवाच वळखलं. कुंडीत बघ, कुंडीत असंल.”

“कुंडीत? पाणी घालत्यात की गं त्यात रोज!”

“पिशवीत बांधून ठिवला असंल. तुला न्हाई कळायचं.”

पेनड्राइव्ह कुंडीतच निघाला. पिशवीत बांधलेला. त्या दिवशी मामांनी आईला फोनवर ‘मानलं’ म्हटलं आणि आई झोपेपर्यंत खुशीत होती. ही दोघं आजवर वर्षातून दोनदा बोलायची, तेही ‘बरं हाय का’, ‘बरं हाय’ एवढंच. आता रोज भांडत होती, पैज लावत होती, मध्येच आबांची आठवण काढत होती. आबांना कोर्टाची किती भीती होती, एकदा साक्षीला बोलावलं तर कसे दोन दिवस उसात लपून बसले होते, हे मी पहिल्यांदा त्या फोनवर ऐकलं. मला तत्त्व म्हणून राग येत होता आणि फोन वाजला की मी कान देऊन ऐकत होते. मालिका लवकर संपावी म्हणून मी पत्रक काढलं होतं. आता ती संपूच नये असं वाटायला लागलं.

पण ती संपायची होतीच. रविवारी दुपारी एक वाजता दोन तासांचा महाअंतिम भाग असं जाहीर झालं. मामांनी लगेच सोमवारची सहीची वेळ शिरूरला ठरवली. दस्त लिहिणाऱ्या काकांकडून कागद तयार करून घेतला. साडीही आणली. मोरपंखी, बारीक काठाची. मला ती आवडली आणि त्याचाही राग आला.

रविवारी आम्ही तिघं मांडवगणला पोचलो तेव्हा मामींनी बारालाच मटण-भाकरी वाढायला घेतली, मध्येच कुणी उठायला नको म्हणून. वीज जाईल म्हणून मामांनी इन्व्हर्टर आणून ठेवला होता. आई टीव्हीसमोर मधोमध बसली, तिच्या डाव्या हाताला मामा, उजव्या हाताला मी. पप्पा मागं खुर्चीत. कुणीतरी आमच्याकडं बघितलं असतं तर आम्हीच कोर्टात बसलोय असं वाटलं असतं.

आता माझं त्या शेवटच्या भागाबद्दल मत सांगते, कारण ते सांगायलाच मी बसले आहे.

पहिला दीड तास उत्तम होता. हो, उत्तम. मेलेला साक्षीदार परत आला, ठीक आहे. तो इतकी वर्षं कुठं होता याचा खुलासा ‘दूर होतो’ एवढाच केला, तेही ठीक आहे. भावजयीनं कुणी न विचारता भर कोर्टात सगळे गुन्हे क्रमवार कबूल केले, त्यात चार असे होते जे आम्हालाही माहीत नव्हते. पण वकीलबाईंचं शेवटचं भाषण! ती म्हणाली की मी दान मागायला आलेली नाही, मी नोंद करून घ्यायला आले आहे. मी या घरात जन्मले याची नोंद. हे वाक्य माझ्या पत्रकात असायला हवं होतं. इतक्या वर्षांत मला, पप्पांना, कुणालाच ते का सुचलं नाही? न्यायाधीशांनी हातोडा आपटला आणि पप्पा चक्क गप्प बसले. निकाल बाईंच्या बाजूनं लागला. मी टाळ्या वाजवल्या. मामीही वाजवत होत्या. मामांनी त्यांच्याकडं बघितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “डास होता.”

आणि नंतरच्या वीस मिनिटांत त्या लोकांनी सगळ्याची माती केली.

वकीलबाई निकालाचा कागद हातात घेऊन भावाकडं गेली. भाऊ रडत होता. ती म्हणाली, “दादा, मला वाटा नको होता रे, मला माहेर हवं होतं.” आणि तिनं तिथंच, न्यायाधीशांच्या टेबलावर, न्यायाधीशांचंच पेन घेऊन सगळं भावाच्या नावावर करून दिलं. न्यायाधीश रडले. शिपाई रडला. कोर्टात वरून फुलं पडली. ती कुणी टाकली ते दाखवलं नाही. मग सगळे एका फोटोत उभे राहिले, मामा म्हणाले होते तसे. भावजयसुद्धा, बेड्यांसकट.

आणि मी रडत होते. हेच मला अजून पचत नाही. रागानं रडत होते की त्या बहीण-भावासाठी रडत होते हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. डोळ्यांतलं पाणी एकच, त्यात दोन्ही होतं. ज्यांनी ते वाक्य लिहिलं त्यांनीच ते पेन तिच्या हातात द्यावं? चार वर्षं बाईला लढवली आणि शेवटी तिनं जिंकलेलं परत देण्यालाच मोठेपणा ठरवलं! हरली असती तर मी समजून घेतलं असतं. हरणाऱ्या बाईला निदान दुसऱ्या दिवशी अपील करता येतं.

मामा हसू दाबत होते, पण ते मिशीतून बाहेर येत होतं. “काय आक्का,” ते म्हणाले, “मी म्हणलंवतं का न्हाई?”

“म्हणलावतास,” आई म्हणाली.

“मग उद्या?”

“ठरलंय ते ठरलंय. तिनं जे केलं तेच मी करणार. उद्या शिरूर.”

मी म्हणाले, “आई!”

“तू डोळं पूस आधी.”

मी बाहेर गेले आणि बांधावर जाऊन बसले. मागून पप्पा आले. म्हणाले, “मी बोलायला हवं होतं गं तिच्या बाजूनं. पण कुठल्या तोंडानं बोलू?” मी त्यांना म्हणाले की तोंड तेच वापरा, दुसरं नाही आपल्याकडं. त्यावर ते थोडे हसले. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांसमोर मोरपंखी साडीची घडी होती.

सोमवारी सकाळी आई बाहेर आली ती आपल्या नेहमीच्या करड्या सुती साडीत. मामी म्हणाल्या, “वन्सं, नवी न्हाई नेसला?” आई म्हणाली, “प्रवासात चुरगळती.” शिरूर काही फार लांब नाही. मामांनी तिच्याकडं एकदा बघितलं.

शिरूरला कचेरीच्या बाहेर झाडाखाली दस्त लिहिणाऱ्या काकांचं टेबल होतं. त्यांनी कागद काढला, सहीच्या जागेवर पेन्सिलीनं फुली केली आणि सगळ्यांना जे विचारत असतील तेच आईला विचारलं. “ताई, काल बघितलं का?”

“बघितलं की. तुम्ही?”

“आमच्याकडं तर जेवण तसंच राह्यलं. काय शेवट केला, वा!”

आई स्टुलावर बसली. “मग मला येक सांगा,” ती म्हणाली. “तुम्ही ह्या कामातले हाय. तिनं भावाला सही करून दिली ती निकालाच्या आधी, का निकाल लागल्यावर?”

“निकाल लागल्यावर.”

“म्हंजी तवा ते सगळं तिच्या नावावर हुतं?”

“हुतं की. कोर्टानं दिलं म्हणल्यावर तिचंच. जे आपलं हाय तेच माणूस दुसऱ्याला देणार.”

“आन् माझं नाव कुठं हाय?”

काकांनी चष्म्यावरून मामांकडं बघितलं. मामांनी कागदाकडं बघितलं.

“आक्का,” मामा म्हणाले, “नाव काय, आज न्हाई तर उद्या लागलंच असतं. सोडायचंच हाय तर लावायचं कशाला? ते काय गरजेचं नसतंय. इचार ह्यांना.”

“कायद्याला नसंल गरजेचं. आपलं काय ठरलंवतं? ती जे करंल ते मी करायचं. तिनं आधी घेतलं, सगळ्या कोर्टादेखत घेतलं, मग दिलं. मी न घेताच कसं देऊ? मला बी तसंच करू दे. आधी सातबाऱ्यावर नाव लाव, मग पुढचं.”

“अगं पर...”

“तूच म्हणलावतास, माघारी फिरायचं न्हाई. सगळ्या गावाला सांगत फिरलास.”

हे खरं होतं. मामांनी पारावर, डेअरीवर, सगळीकडं या पैजेची गोष्ट सांगितली होती, जिंकणार म्हणून. आता तिथंच जाऊन ‘पैज मोडली’ म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. दस्त लिहिणारे काका आता पोट धरून हसत होते. शेजारच्या टेबलावरची नव्या साडीतली एक बाई हातातलं पेन तसंच धरून आमच्याकडं बघत होती. तिचा भाऊ तिला म्हणाला, “तू कर गं सही, तुझं तिकडं लक्ष नको.” तिनं सही केली की नाही ते मला दिसलं नाही. मला ते अजून आठवतं आणि टोचतं. मी तिच्याकडं जायला हवं होतं. पत्रकं होती माझ्या पिशवीत. पण मी आईकडंच बघत राहिले.

मामांनी कागदाची चौघडी करून खिशात घातली आणि म्हणाले, “चला. तलाठ्याकडं चला.” वाटेत त्यांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि स्वतः घेतला नाही.

नाव लागायला अडीच महिने गेले. या काळात नऊ दोनचा फोन बंद होता. मालिका संपलेली होती आणि मामा बोलत नव्हते, यातलं नक्की कशामुळे ते आई मला सांगायची नाही. ती साडेआठला टीव्ही लावायची, नवीन मालिकेत कोण कोण आहे ते दहा मिनिटं बघायची आणि बंद करायची. मी मात्र रोज मनातल्या मनात त्या शेवटच्या भागाशी भांडत होते. चॅनेलला मी एक लांबलचक पत्र लिहिलं, सतरा मुद्द्यांचं. मग विचार केला, त्यांनी शेवट माझ्या मनासारखा केला असता तर काय झालं असतं? बाईनं वाटा घेतला असता, घरी गेली असती. मामांनी पैज हरल्याचं मान्य केलं असतं आणि फोन करणं बंद केलं असतं. की आई हुरळून गेली असती आणि कायमचं भांडण झालं असतं? त्या बावळट, फुलं पाडणाऱ्या शेवटातच आईला हवी ती फट सापडली होती. सतरा मुद्द्यांचं पत्र मी पाठवलं नाही. फाडलंही नाही. त्यातले सोळा मुद्दे अजूनही बरोबर आहेत.

एका रविवारी सकाळी मामा स्वतः दौंडला आले. हातात सातबारा होता, ताजा काढलेला. त्यांनी तो आईपुढं ठेवला. आबांचं नाव कंसात गेलं होतं, म्हणजे कमी झालं होतं, आणि खाली दोन नावं होती, मामांचं आणि आईचं. आईनं मला तो वाचायला लावला. मग पप्पांना. मग स्वतः बोट ठेवून वाचला.

“लागलं बघ,” मामा म्हणाले. “निकाल झाला तुझा. आता म्होरलं?”

“म्होरलं काय?”

“तिनं सही केली न्हवं निकालानंतर.”

“केली की,” आई म्हणाली. “पर लगीच न्हाई केली. निकाल लागला आन् मधी जाहिराती आल्या. साबणाची, गाडीची, मग त्या मसाल्याची. सध्या माझी जाहिरात चालू हाय.”

मी तोंडावर ओढणी धरली. पप्पा मोरीकडं निघून गेले. मामा आईकडं टक लावून बघत राहिले. मला वाटलं आता उठतील आणि जातील, आणि आईलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. तीस वर्षं जिथं ती पाहुणी म्हणून गेली ते दार आता बंद होतंय का, एवढंच ती बघत होती. सातबारा तिच्या मांडीवर होता.

“लई लांब असती का गं ही जाहिरात?” मामांनी विचारलं.

“काय सांगता येत न्हाई.”

“बरं,” मामा म्हणाले. त्यांनी चहा घेतला. बशीत ओतून, आवाज करत, पूर्ण संपवला. मग चपला घालताना, आमच्याकडं पाठ करून म्हणाले, “ते खालच्या अंगाचं तुझं धरू. मी सगळ्यात ऊस लावणार हुतो. तुझ्यात काय लावायचं ते तू सांग. नंतर म्हणशील मला इचारलं न्हाई.”

वकीलबाईंच्या प्रत्येक डावपेचावर आईकडं मत तयार असायचं. पण हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

“सांगते,” ती म्हणाली. “इचार करून सांगते.”

मामा गेले. आई माझ्याकडं वळून म्हणाली, “काय लावावं गं? कांदा का गहू?”

मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी. मला घोषणा येतात, कायदा येतो, मोर्च्याची परवानगी कशी काढायची ते येतं. मी म्हणाले, “आई, मला खरंच माहीत नाही.”

“मग काय उपेग तुझा,” आई म्हणाली आणि तिनं मामींना फोन लावला.

“अगं, मी बोलतीया. ते खालच्या अंगाला पाणी उन्हाळ्यात कुठवर पोचतं गं? न्हाई न्हाई, त्याला इचारू नको, त्यो उसाचंच सांगणार. तू सांग.”